छतावरचं ऊन, दारातली गाडी

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की आमची गाडी हल्ली गच्चीवर चरते, म्हणजे गच्चीवरच्या सोलरवर चार्ज होते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी गेल्या तीन वर्षांत गिझर, फ्रीज आणि मिक्सर मिळून आली नव्हती. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. तंत्रनिकेतनात तीस वर्षं मुलांना वायरिंग आणि मोटारी शिकवून मी निवृत्त झाले. सहकारनगरात जुनं एकमजली घर आहे. गच्चीवर साडेपाचशे वॉटची सहा पॅनल, म्हणजे ३.३ किलोवॅट. दारात २४ युनिटांच्या बॅटरीची छोटी इलेक्ट्रिक गाडी. रोज दिवेलागणीला इन्व्हर्टरवरचा आकडा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी. खाली ‘आमच्याकडे’ म्हणून जे आकडे येतील ते त्या कॅलेंडरवरचे. एकदा दीड लिटर दूध सोलरच्या बेरजेत गेलं होतं, ते दुरुस्त केलं आहे.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी. ४५ युनिटांची बॅटरी असलेली गाडी घेतली. सोलरवाला म्हणतो, एक किलोवॅट दिवसाला चार युनिटं देतो, म्हणजे ४५ युनिटं भरायला अकरा किलोवॅट हवेत. गच्चीवर एवढी जागाच नाही. रोजचं फिरणं पंचवीस किलोमीटर, शिवाय महिन्यातून दोनदा साताऱ्याला. घराचं बिल महिन्याला दोनशे युनिटांचं येतं. आता काय, गाडी विकू? (कोथरूड)

गाडी राहू द्या, सोलरवाला बदला.

त्याने तुमची बॅटरी मोजली. मोजायची होती तुमची फेरी. गच्चीवरची टाकी हजार लिटरची आहे म्हणून पंप काही रोज हजार लिटर चढवत नाही. आंघोळ, भांडी, झाडं यांत जेवढं गेलं तेवढंच परत भरतो. बॅटरीचं तेच. ती रोज रिकामी करायची म्हटलं तर तुम्हाला रोज कोल्हापूर गाठावं लागेल, आणि तिथे गेल्यावर रोज तांबडा-पांढरा खावा लागेल. या वयात ते बॅटरीपेक्षा जास्त काळजीचं.

आपण तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. शहरात एका युनिटात सात-आठ किलोमीटर जातात, हायवेला एसी लावून नव्वदने पळवली तर सहा. सरासरी सात धरा. महिन्याचे शहरातले ७५०, साताऱ्याच्या दोन खेपा जाऊन-येऊन २२० प्रमाणे ४४०, म्हणजे सगळे मिळून १,२०० किलोमीटर. त्याला १७० युनिटं लागतात. चार्ज करताना दहा-पंधरा टक्के वीज नुसती उष्णता होऊन जाते, म्हणून मीटरवर २०० धरा. घराची २०० त्यात मिळवा. झाली ४००. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने महिन्याला १२० युनिटं देतो. चारशेला एकशेवीसने भागा आणि माझ्या गच्चीवर या, तेवढीच सहा पॅनल तिथे दिसतील. तो तुम्हाला वीस विकत होता.

सरासरी हा शब्द मात्र जपून घ्या. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला पंधरा युनिटं पडतात. जुलैत सात-आठ. गेल्या जुलैत एक दिवस असा होता की दुपारी दिवे लावावे लागले, त्या दिवशीच्या चौकटीत ‘१.५’ लिहिलं आहे आणि पुढे मीच रागाने उद्गारचिन्ह काढलं आहे. गंमत मेची. ऊन एप्रिलपेक्षा कडक, पण आकडा थोडा खाली. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. काच-सेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. मेच्या दुपारी पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं, म्हणजे चौदा टक्के तिथेच गेले. म्हणून ते गच्चीला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे.

दुसरी गोष्ट सोलरवाल्याने सांगायला हवी होती, ती त्याने सांगितलीच नाही. आपल्याकडे घरगुती बिलाचे टप्पे आहेत: शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत, त्यापुढे. दर टप्प्याला दर चढतो. तुम्ही आज दोनशेवर आहात. गाडी घरी चार्ज व्हायला लागली की चारशेवर जाल, म्हणजे गाडीची निम्मी वीज तुम्ही वरच्या महागड्या टप्प्यात विकत घ्याल. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, लागल्यावर सोलरची युनिटं एकूण वापरातून वजा होतात, म्हणजे आधी जातात ती याच महागड्या टप्प्यातली. त्यामुळे पहिल्या दोन-तीन पॅनलची कमाई सगळ्यात जास्त, आणि दहाव्या-बाराव्याची अगदीच बेताची.

अनुदानही तेच सांगतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. पुढे कितीही बसवा, तेवढेच. कोटेशनवर ‘डीसीआर’ ही तीन अक्षरं आहेत ना ते बघून घ्या. पॅनलमधले सेलही भारतात बनलेले असतील तरच अनुदान मिळतं.

जागा लागेल सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. टाकी कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. बावीस डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो. दहा फूट उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेकडे नऊ फूट पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. एका पॅनलवर सावली आली की त्याच ओळीतल्या बाकीच्यांचाही जोर उतरतो. म्हणून टाकी पॅनलच्या उत्तरेला पाहिजे, पॅनलचं तोंड दक्षिणेला. शेजाऱ्यांचा नारळ तुमच्या हातात नाही, पण सोलरवाल्याला सकाळी साडेनऊला गच्चीवर बोलवा आणि नारळाची सावली दाखवा. बरेचजण मोजमाप दुपारी बाराला येऊन करतात, तेव्हा सगळ्याच गच्च्या चांगल्या दिसतात.

प्रश्न : मी खराडीहून हिंजवडीला जाते. सकाळी आठला गाडी निघते, रात्री आठला परत. ऊन असतं तेव्हा गाडी घरी नसते. मग माझ्या घरच्या सोलरचा गाडीला उपयोग काय? आणि लाइट गेली तर निदान गच्चीवरच्या विजेवर तरी चार्ज होईल का? (खराडी)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मीटर देतो. दिवसा तुमच्या गच्चीवर तयार झालेली वीज घरात फ्रीज आणि पंखा खातो तेवढी खातो, उरलेली महावितरणच्या तारेत जाते. नेट मीटर ती मोजून ठेवतो. रात्री तुम्ही गाडी लावली की तारेतून वीज येते आणि खात्यातून वजा होते. थोडक्यात, महावितरण तुमचं पासबुक आहे. सकाळी भरा, रात्री काढा. रात्री गाडीत शिरलेली वीज कोराडीची असेल नाहीतर कोयनेची, हिशेबात ती तुमच्या गच्चीची.

या पासबुकाला दोन अटी. खात्यात उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. मग शिल्लक युनिटांचे तुम्हाला पैसे मिळतात, पण ते अगदी कमी दराने. तुम्ही ज्या भावाने घेता त्या भावाने ते परत घेत नाहीत. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर हे मुदतठेव नाही. दुसरी अट म्हणजे स्थिर आकार वगैरे बिलात राहतातच, ‘शून्य बिल’ हा सोलरवाल्यांचा आवडता शब्द शब्दशः घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय, आठवड्यातून दोन दिवस घरून काम असतं. मग खरं चार्जिंग त्या दोन दिवशी दुपारी करा. रोजचे पन्नास-साठ किलोमीटर धरले तरी आठवड्याला चार्जिंगचे दोन मोठे डाव पुरतात, रोज रात्री वायर ओढायची गरज नाही. गाडीत किंवा चार्जरवर अँपिअर कमी करता येत असतील तर दहावर ठेवा. दहा अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट. तीन किलोवॅटचं सोलर अकरा ते दोनच्या दरम्यान साधारण तेवढंच देत असतं, म्हणजे छतावरची वीज जिन्याने उतरून थेट गाडीत. वेळेनुसार दर आता घरगुती मीटरपर्यंत आले आहेत आणि त्यांत दुपार स्वस्त आहे, हेही लक्षात असू द्या. रात्री चार्जिंग, दिवसा सोलर हा बिनधास्त हिशेब जन्मभर असाच चालेल असं मी तरी धरून चालत नाही.

लाइट गेली तर? बंद. ऊन डोक्यावर, पॅनल चकचकीत, आणि घरात पंखासुद्धा नाही. लोकांना याचा फार राग येतो. आमच्या शेजारी तर इन्व्हर्टर खराब निघाला म्हणून भांडायला निघाले होते. पण तो मुद्दाम बंद पडतो. तारेत वीज नाही म्हणजे कुठेतरी खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. तुमच्या गच्चीवरून त्याच तारेत वीज गेली तर तो माणूस गेला. म्हणून तारेतली वीज गेली की साधा सोलर इन्व्हर्टर क्षणात हात आखडता घेतो. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर घरातले दिवे चालतील, पण घरच्या बॅटरीतून गाडीची बॅटरी भरणं म्हणजे कळशीतलं पाणी घागरीत आणि वाटेत सांडलवंड. त्यासाठी लाखभर रुपये घालू नका. वळवाच्या दिवसांत, गडगडायला लागलं की संध्याकाळीच गाडी भरून ठेवा. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत गुलमोहर तारांवर पडला आणि अठरा तास अंधार होता. ज्यांच्या गाडीतून बाहेर वीज काढता येते अशा एका शेजाऱ्यांनी त्या रात्री गाडीवर फ्रीज चालवला आणि सगळ्या गल्लीचं दही-दूध सांभाळलं.

प्रश्न : जावयांनी हायब्रिड गाडी घेतली, ग्रँड व्हिटारा. चार्जिंगचं भोक कुठेच सापडत नाही. शोरूममध्ये विचारायला संकोच वाटतो. आमच्याकडे सोलर आहे, ते वाया जातंय. (वाकड)

भोक नाहीच. जावयांना उगाच बोलू नका.

ग्रँड व्हिटारा, हायरायडर, होंडा सिटी यांच्या ज्या हायब्रिड गाड्या आपल्याकडे दिसतात त्या स्वतःची बॅटरी स्वतः भरतात, थोडी इंजिनावर आणि थोडी ब्रेकवर. खंबाटकी उतरताना आपण पूर्वी पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेकमध्ये घासून हवेत घालवत होतो. ही गाडी उतारावर मोटारीलाच डायनामो करते आणि तो वेग बॅटरीत साठवते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तिचं ॲव्हरेज हायवेपेक्षा चांगलं येतं ते यामुळेच, दर सिग्नलला थोडी कमाई. बॅटरी मात्र पाऊण युनिटाचीच. समजा भोक असतं आणि तुम्ही ती गच्चीवरून भरली असती, तर चार-पाच किलोमीटरची सोय झाली असती. वाकड पुलापर्यंत जाऊन परत.

वायर लावून भरता येणाऱ्या हायब्रिड वेगळ्या, प्लग-इन म्हणतात त्यांना. त्यांची बॅटरी बऱ्यापैकी मोठी, पन्नास-साठ किलोमीटर नुसत्या विजेवर, पुढे पेट्रोल. सोलर असलेल्या घराला खरं तर ही जात फार सोयीची, पण आपल्याकडे त्या मोजक्या आहेत आणि किमती अशा की जावयांना सांगू नका. तुमचं सोलर वाया जात नाही. त्यावर इंडक्शन लावा.

प्रश्न : घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी चार्ज केली तर चालतं ना? इलेक्ट्रिशियन म्हणतो काही होत नाही. (बिबवेवाडी)

मलाही एक जण म्हणाला होता, काही होत नाही. आणि मी, तीस वर्षं मुलांच्या वह्यांत ‘लोड बघून वायर’ असं लाल शाईने लिहिणारी बाई, हो म्हणाले. गाडी आली त्या आठवड्यात घाई होती. त्याने गिझरची जुनी लाइन ओढून पोर्चमध्ये सॉकेट बसवलं. चौथ्या रात्री दोनला उठले तर घरात तापलेल्या प्लास्टिकचा वास. पोर्चमध्ये जाऊन पाहिलं तर सॉकेटचं एक भोक तपकिरी होऊन आत वितळलेलं. जुन्या विद्यार्थ्यांना सांगितल्यावर ते जे हसले, ते मी विसरणार नाही.

झालं काय, तर गिझर पंधरा मिनिटं चालतो. गाडी तेच तेरा-चौदा अँपिअर सलग सात-आठ तास ओढते. सैल पकड, बारीक वायर, जुना सांधा, यांना पंधरा मिनिटांत घाम फुटत नाही. सात तासांत फुटतो. म्हणून मीटरपासून वेगळी लाइन घ्या, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), आणि सॉकेट औद्योगिक प्रकारचं, घट्ट पकडीचं. अर्थिंग मोजून घ्या. जुन्या वाड्या-बंगल्यांत अर्थिंग कागदावरच असतं. गाडीचा चार्जर हे घरच्या माणसांपेक्षा आधी ओळखतो आणि लाल दिवा लावून बसून राहतो. लोक चार्जर बदलून आणतात, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी आणि मीठ-कोळसा घातला की तोच चार्जर चालतो.

सात किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर हवा असेल तर वायर सहा स्क्वेअर एमएमची आणि आधी मंजूर भार वाढवून घेणं आलं. मी घेतला नाही. झोपेत गाडी तीन तासांत भरली काय आणि आठ तासांत भरली काय, उठायचं सहालाच.

प्रश्न : आमची ५६ सदनिकांची सोसायटी. चार इलेक्ट्रिक गाड्या झाल्या, दोन येतायत. गच्चीवर सोलर घालून त्यावर चार्जिंग द्यावं असा ठराव आणला तर पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, आमच्या पैशांवर यांच्या गाड्या का फिरवायच्या? सातव्या मजल्यावरचे म्हणतात, गच्ची आमच्या डोक्यावर आहे. सभेत दोनदा चहा गार झाला. मी सेक्रेटरी आहे, हे पद मला नको होतं. (सिंहगड रोड)

हे पद कुणालाच नको असतं, म्हणून तर ते तुम्हाला मिळालं.

तुमचं भांडण एक नाही, दोन आहेत, आणि एकाच ठरावात बांधल्यामुळे दोन्ही अडलीत. सोडवा ती गाठ. एका सभेत सोलर घ्या, दुसऱ्या सभेत चार्जिंग.

सोलर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरला जोडा. तुमचं कॉमन बिल महिन्याला तीन हजार युनिटांच्या घरात आहे. २५ किलोवॅट तेवढी वीज देतात. गच्चीची अडीच हजार चौरस फूट जागा जाईल. सोसायट्यांना सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये आहेत, म्हणजे तुम्हाला साडेचार लाख, आणि मर्यादा घरटी तीन किलोवॅटच्या हिशेबाने असल्याने तुम्ही तिच्या जवळपासही नाही. याचा फायदा सगळ्या ५६ घरांच्या मेंटेनन्सला सारखाच. यात गाडी कुठेच नाही. पहिल्या मजल्यावरच्यांना आता कशावर बोट ठेवता येईल? लिफ्ट आम्ही वापरत नाही, यावर ठेवतील. त्यांना पाणी तरी पंपानेच येतं हे हळूच सांगा. गच्ची सातव्या मजल्याची नाही, सगळ्यांची आहे, हे मात्र मोठ्याने सांगा. आणि सांगाडा आठ-नऊ फूट उंच घ्या. खर्च थोडा वाढतो, पण खाली पापड-कुरडया वाळतात, कोजागिरी होते, आणि सातव्या मजल्याचं घर उन्हाळ्यात थंड राहतं. ही शेवटची गोष्ट तिथल्या लोकांना आधी सांगितलीत तर ठराव तेच मांडतील. फक्त वाऱ्याचा हिशेब केलेल्या माणसाकडून नट-बोल्ट बसवून घ्या आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोकं पाडू देऊ नका.

आता चार्जिंग. माझं मत विचाराल तर ज्याची गाडी त्याचा मीटर. तळमजल्यावरच्या मीटररूममधून ज्याच्या त्याच्या पार्किंगपर्यंत ज्याने त्याने स्वतःच्या खर्चाने केबल न्यायची, वीज स्वतःच्या बिलात. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी भरण्याला घरगुतीच दर लागतो, वेगळ्या कनेक्शनची सक्ती नाही. सोसायटीने करायचं ते एकच, केबल न्यायचा पत्र्याचा ट्रे आज सगळ्या ५६ जागांपर्यंत एकदाच टाकून ठेवायचा. नाहीतर दर गाडीमागे एक नवा पाइप, दर पाइपमागे एक भिंत फोडणं, दर भिंतीमागे एक सभा.

यात एक हळहळ राहते, ती तुमच्या पत्रात दिसते: मग गाड्या सोलरवर चालल्या असं म्हणता येणार नाही. नाही येणार. पण गच्चीवर तयार झालेली वीज लिफ्टने खाल्ली काय किंवा गाडीने, तारेतून येणारी तेवढी वीज वाचलीच. फलकावर लिहायला वाक्य थोडं कमी पडेल, एवढंच. काही जणांना कॉमन मीटरवरच चार्जिंग हवं असेल तर प्रत्येक जागेला सबमीटर आणि युनिटामागे ठरलेला भाव, तोही सोलरमुळे पडणारा सरासरी भाव नव्हे, तर सोसायटीला त्या जादा युनिटाला खरोखर पडतो तो. नाहीतर पहिल्या मजल्याचं म्हणणं खरं ठरेल.

‘उद्या ५६ गाड्या झाल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल’ असंही कुणीतरी म्हणालं म्हणे. ५६ गुणिले ३.३ म्हणजे १८५ किलोवॅट, आकडा भीतिदायक आहे. पण ५६ जण एकाच रात्री, एकाच वेळी, रिकाम्या बॅटऱ्या घेऊन येत नाहीत. शहरात फिरणाऱ्या गाडीला रोज दीड-दोन तास पुरतात. वीस गाड्यांच्या पुढे गेलात की आपसात भार वाटून घेणारे चार्जर घ्या, एक भरला की दुसऱ्याला वाट. आणि पत्रासोबतच्या फोटोत वॉचमनच्या केबिनमधून लोंबणारी पिवळी एक्स्टेन्शन वायर दिसते आहे, ती कुणाचीही असो, आज काढा. सभा नंतर घ्या.

प्रश्न : पॅनल कशाने धुवावीत? आमच्याकडे टँकरचं पाणी. (धायरी)

टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग बसतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. पाणी कमी, पुसणं जास्त: मऊ मॉप, पहाटे, काच गार असताना. तापल्या काचेवर दुपारी पाणी मारू नका. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पुरे. फेब्रुवारीत समोर बांधकाम चालू होतं तेव्हा आमचा आकडा १३ वर आला होता, धुतल्यावर दुसऱ्या दिवशी साडेचौदा. कबुतरांसाठी चारही बाजूंनी जाळी मारून घ्या. पॅनलखाली त्यांचं प्रसूतिगृह झालं की मग धुणं हा रोजचा धंदा होतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. सोलर पॅनल घराच्या छतावर लावण्यापेक्षा गाडीच्याच छतावर का लावत नाहीत? म्हणजे चालता चालता चार्ज होईल. बाबा म्हणाले, मूर्ख प्रश्न आहे, पण त्यांनी उत्तर दिलं नाही. (चिंचवड)

उत्तर दिलं नाही, म्हणजे प्रश्न मूर्ख नव्हता.

चल मोजू. भर दुपारी एक चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट ऊन पडतं. चांगलं पॅनल त्यातले २० टक्के विजेत बदलतं, म्हणजे २०० वॉट. छोट्या गाडीचं छत, काचा आणि गोलाई सोडून, दीड चौरस मीटर भरतं. झाले ३०० वॉट. घरच्या हिशेबाने दिवसाला एक-सव्वा युनिट. त्यात बाबांची गाडी आठ किलोमीटर जाईल. तेही गाडी दिवसभर उघड्यावर उन्हात उभी असेल तर. आणि उन्हात तापलेली गाडी थंड करायला एसी लावलास की त्यातलं बरंच परत गेलं. बाबा गाडी झाडाखाली लावतात ना? मग शून्य.

तरी लोकांनी करून पाहिलं आहे. २०१७ च्या सुमारास टोयोटाने जपानात प्लग-इन प्रियसच्या छतावर १८० वॉटचं पॅनल दिलं. चांगल्या उन्हात दिवसाला सहा किलोमीटर, असं कंपनीच सांगत होती. ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड तीन हजार किलोमीटरची फक्त उन्हावरची शर्यत १९८७ मध्ये सुरू झाली. त्या गाड्या तू फोटोत बघ. गाडी कमी, उडणारा पाट जास्त. एक माणूस कसाबसा मावतो, डिकी नाही, एसी नाही. आणि लांब कशाला, आपल्या पुण्यातल्या वेव्ह मोबिलिटीने ‘ईवा’ नावाची छोटीशी गाडी केली आहे, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात ती आणली. छतावर पॅनल, वर्षाला तीन हजार किलोमीटर उन्हावर, असा कंपनीचा दावा. तीन हजारला ३६५ ने भागून बघ, आपल्या आठच्या किती जवळ येतं ते. पण ती गाडी बाबांच्या गाडीपेक्षा खूप हलकी आहे, एका युनिटात जास्त जाते, म्हणून तिला ते आठ मिळवायला एवढं मोठं छत लागत नाही.

म्हणजे गाडी जेवढी हलकी आणि फेरी जेवढी छोटी, तेवढा तुझा प्रश्न बरोबर होत जातो. आता एक कर. रविवारी टेप घेऊन बाबांच्या गाडीचं छत मोज, सपाट भाग तेवढाच धर. आकडा मला कळव. आणि मोजताना टेपचं दुसरं टोक बाबांना धरायला लाव.